भर उन्हातला दिवा

बागेसाठी सोलर दिवे घ्यायला आम्ही गारखेड्यात झीशानच्या दुकानात गेलो, तेव्हा मी देवेशशी कामापुरतंच बोलत होते.

झीशाननं काउंटरवर दिवे मांडले. "मॅडम, ह्याला सेन्सर आहे. वर ऊन आहे तोवर चार्जिंग, अंधार पडला की आपोआप लागणार. बटन-बिटन दाबायची झंझटच नाही."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मी मान हलवली आणि मंद पिवळे दिवे उचलले. देवेशनं ते माझ्या हातातून काढून परत ठेवले.

"पांढरे दे," तो झीशानला म्हणाला. "शोभेला नको आहेत. पाण्याच्या टाकीपाशी कोणी आलं तर तोंड दिसलं पाहिजे."

नवऱ्याच्या त्या बोलण्यानं मी इतकी भडकले, की दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी तळाला गेलेलं, पुंडलिकनगरात आठवड्यातून एकदा नळ यायचा. आमच्या बागेतला मोगरा काड्यांचा झाला होता. शेजारच्या प्लॉटवर मात्र इमारत उठत होती आणि तिच्या स्लॅबवर पाणी मारायला टँकर येत होते. तिथल्या वॉचमनची आई, गोजरबाई, पत्र्याच्या खोलीत राहायची. बिडकीनकडची. दुपारी कळशी घेऊन आमच्या फाटकाशी यायची.

"ताई, एवढी भरून द्या. टँकरचं लई खारं हाय, पोटात ठरत नाय."

मी भरून द्यायची. दिवे घेण्याच्या आठवडाभर आधी, मी कॉलेजात असताना, देवेशनं तिला परत पाठवलं आणि फाटकाला कुलूप घातलं. ती पाणी शोधत उन्हातच पुढच्या गल्लीत गेली आणि रस्त्यावर कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती.

"उष्माघात होता, चारुता. त्यात माझा काय संबंध?" देवेशनं विचारलं. आवाजात काही नव्हतं. हवामानाबद्दल बोलावं तसा तो बोलला. माझा राग तिथंच गोठला, तो उतरलाच नाही.

फाटकापासून टाकीपर्यंतच्या फरशीच्या कडेनं त्यानं दिवे रोवले. संध्याकाळी ते लागत, सकाळी विझत.

मग एका रविवारी, जेवणानंतर भांडी आवरताना, खिडकीतून मला फाटकाजवळचा दिवा लागलेला दिसला. ऊन इतकं कडक होतं, की तो पांढरा ठिपका आधी लक्षातच आला नाही. मी बाहेर गेले. वर पान नव्हतं, फांदी नव्हती. दिवा खराब असेल म्हणून उपटला. हातात येताच तो विझला. त्याच्या जागी टाकीजवळचा चांगला दिवा आणून रोवला. तो लागला.

मी चप्पल काढून तिथं पाय ठेवला. बाकीच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. तिथली फरशी गार होती.

मी मागे सरकले. फाटकाचा दिवा विझला आणि पुढचा लागला. मग त्याच्या पुढचा. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं उजेड टाकीपर्यंत गेला, तिथं बराच वेळ थांबला आणि तसाच परत फिरला.

देवेशला सांगितलं तर तो माझ्यावर उखडला. दिवे पिशवीत भरून झीशानकडे घेऊन गेला. झीशाननं एकेक तपासला.

"पीस एकदम ओके आहेत, भाई. वर सावली पडल्याशिवाय लागतच नाहीत हे."

देवेशनं ते पुन्हा जिथल्या तिथं रोवले, हातोडीनं ठोकून. दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली आणि जेवून टाकीपुढं जाऊन उभा राहिला. फाटकाला कुलूप लावलेलंच होतं.

"एक कळशी भरून ठेव, देवेश," मी घरापुढच्या ओट्यावरून म्हटलं.

"कुणासाठी?" तो ओरडला. "नाव घे ना. कुणासाठी?"

रागानं माझे दात आवळलेले होते.

फाटकाचा दिवा लागला.

देवेशनं हात पसरले, वाट अडवल्यासारखे.

पुढचा लागला. त्याच्या पुढचा.

शेवटचा त्याच्या पायाशी होता. देवेशची सावली मागे टाकीवर पडली होती, दिव्यावर नव्हती. तरी तो लागला.

"पाणी नाही," देवेश म्हणाला. समोर पाहत, अगदी हळू. "सांगितलं ना, नाही."

मी उजेड परत फिरायची वाट पाहिली. तो फिरला नाही.

थोड्या वेळानं देवेश घराकडे निघाला. त्याच्या पायाशी असलेला दिवा विझला. फाटकाकडचा एकही लागला नाही. ओट्याच्या पायरीशी आम्ही एक जादा दिवा ठेवला होता, तो लागला.

मी बाजूला झाले. देवेश माझ्या शेजारून आत गेला. अंगाला गारवा लागला.

"बघितलंस?" त्यानं पंखा लावला आणि सोफ्यावर बसला. "काही नव्हतं. उगाच डोकं खाल्लंस माझं."

तो ऑफिसचं काहीतरी सांगू लागला, नेहमीच्या आवाजात. बोलता बोलता, माझ्याकडेच पाहत, तो सोफ्याच्या कडेला सरकला. शेजारी कोणी टेकायला आलं की आपण जागा करून देतो, तेवढाच.

मी अजून दारातच उभी होते.