रंगाखालची थुंकी

सुगंधा नार्वेकरच्या धाकट्या भावाचं लग्न झालं ते साल २०४३. नवरी घरात आली त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याच्या चित्र-संधारण प्रयोगशाळेत हॉलंडहून एक लाकडी पेटी उतरली. आत फान लेर नावाच्या फिरस्त्या डच चित्रकाराचं १६७१ सालचं तैलचित्र होतं, ‘वेंगुर्ल्याचा बाजार’. मागे गलबतं, पुढे मासेवाल्या, कासार, सुपारी निवडणाऱ्या बाया, हातघाईवर आलेले हमाल. सगळं शहर तिथे गलका करत होतं.

सुगंधाने ते साफ केलं, मग रंगाचे बारीक कण स्तरवाचक यंत्रात घातले. चित्रासोबत आलेल्या डॉ. फेमके यांनी प्रमुख तेंडोलकरांना यंत्राचं काम समजावलं.

“तेलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात. तोवर त्यात जे पडेल ते अडकतं. परागकण, त्वचा, थुंकी. ते शतकानुशतकं टिकतं.”

“पण थुंकी कुणाची, ते कसं कळणार?”

“मातृसूत्रावरून, म्हणजे पेशीतल्या आईकडून येणाऱ्या डीएनएवरून. ते आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला जवळपास जसंच्या तसं जातं. पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून जुन्या नमुन्यात तेच आधी सापडतं.”

बाजारातल्या चेहऱ्यांत थुंकी भरपूर सापडली. पण यंत्रात प्रयोगशाळेतल्या सगळ्यांची सूत्रं नोंदलेली होती, आणि मातृसूत्र सुगंधाचं निघालं.

तेंडोलकरांचा चेहरा उतरला. जुनं चित्र पुसताना बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळून तो स्वतःच्या थुंकीने ओला करायचा, ही या धंद्यातली जुनी रीत. मळ इतक्या हळुवारपणे दुसऱ्या कशाने निघत नाही. सुगंधानेही तेच केलं होतं.

“चित्र पुसलंत की चाटलंत, बाई?” ते म्हणाले. नमुना बाटला असा अहवाल गेला की चित्र परत जाणार आणि सुगंधाच्या हाती पुन्हा कुणी जुनं चित्र देणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

“माझी थुंकी वर सापडेल, सर. नमुना रंगाच्या तळाचा आहे. वरचा थर कुठे फुटलेला नाही. मग मी आत थुंकले कशी?”

मुरली असेल, असं ते पुटपुटले. तेव्हा फेमकेबाईंनी संपूर्ण वंशसूत्र, म्हणजे आईबापांकडून आलेला सगळा डीएनए, वाचायला लावलं. नुसत्या मातृसूत्रावरून पणजी कोण नि पणती कोण, हे ओळखता येत नाही. निकाल येईपर्यंत सुगंधाला घरच्या लाडवांचीही चव लागेना.

थुंकी सुगंधाची नव्हती. तिच्याच मातृवंशातल्या कुणा बाईची होती.

“पण इतकी थुंकी कशाला?” फेमकेबाईंनी विचारलं. “आमचे चित्रकार कुंचला तोंडात घालत नाहीत.”

सुगंधाची आई सावंतवाडीच्या चितारी घरातली, आजीही तशीच. गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवायच्या गोल पत्त्यांच्या, पानावर बारीक रेघ ओढण्याआधी त्या घरात कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवत. सुगंधाने ते सांगितलं आणि फेमकेबाईंनी चित्रातल्या पांढऱ्या रंगाकडे बोट दाखवलं.

“हा पांढरा शिशाचा आहे. विष आहे ते.”

थुंकी जिची, त्या चितारणीच्या घरचा पांढरा शंखाचा. पोटात गेला तरी काही होत नसे. परक्या फान लेरचा पांढराही तसाच असेल, असं ती समजली होती.

मग पुढचे थर एकेक वाचले. आकाशात आणि गलबतांत परदेशी पुरुषाची त्वचा होती, म्हणजे ती फान लेरची. माणसं सगळी तिची. डावीकडून उजवीकडे जावं तसं थुंकीतल्या पेशींच्या आतलं शिसं वाढत गेलं होतं. कासाराच्या चेहऱ्यात, आंब्याच्या मोहराच्या परागकणांपाशी, तिची थुंकी संपली. त्याच चेहऱ्यावर पुढे दुसऱ्या बाईची त्वचा होती. वंशसूत्र जुळवलं तेव्हा ती पहिलीची लेक निघाली. थुंकी मात्र तिथून पुढे कुठेच नव्हती आणि रेघा जाड झाल्या होत्या. मुलीने कुंचला तोंडात घातला नाही. म्हणून ती जगली आणि तिचा वंश सुगंधापर्यंत आला.

“अहवाल तुम्हीच लिहा, सुगंधाबाई,” तेंडोलकर म्हणाले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

तिने लिहिलं: या चित्रातली माणसं वेंगुर्ल्यात एका चितारणीने काढली, तिच्या मुलीने पुरी केली. आई १६७१ साली, आंबा मोहरला तेव्हा, शिशाच्या विषाने वारली.