तेराचा पाढा

रात्रपाळीला काम नसलं की ॲम्ब्युलन्सच्या शेडमध्ये म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांभोवती पोरं जमायची. त्या रात्री नवा ब्रदरही येऊन बसला होता. दवाखान्यात पुरुष नर्सला सगळे ब्रदरच म्हणतात. संध्याकाळपासून तो बढाई मारत होता, की आपण शिरेतलं इंजेक्शन देतो ते पेशंटला कळायच्या आत देऊन मोकळे होतो. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मोकळं व्हायची एवढी घाई कशाला रे तुला? बस जरा. ज्याची गोष्ट सांगतोय त्याला मी ओळखतो. नाव विचारू नका, अजून नोकरीत आहे तो."

आणि काका सांगू लागले.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार, रात्रीचे साडेदहा. धाकटा औषधाच्या दुकानात आईचं इंजेक्शन घ्यायला उभा होता. धाकटा हेच त्याचं नाव पडलं होतं, कारण थोरला भाऊ त्याच्या आधीपासून त्याच दवाखान्यात ब्रदर होता. दोघांचं काम एक, शिक्षण एक. पण थोरल्याच्या हाताला गुण होता असं सगळे म्हणायचे. या रात्रीच्या वर्षभर आधी रात्रपाळीहून परतताना त्याला ट्रकने उडवलं. माणूस गेला, पण त्याचं नाव काही वॉर्डातून जाईना. धाकटा सुई घेऊन खाटेजवळ गेला, की पेशंट त्याच्या खांद्यावरून मागे बघायचे. मोठे ब्रदर नाहीत का?

जिवंत भावाचा हेवा करता येतो. तो कधीतरी चुकतो, कुणावर तरी खेकसतो, मग आपल्याला जरा बरं वाटतं. मेलेला माणूस चुकतच नाही. त्याच्याशी बरोबरी करायची कशी?

दुकानदाराने छोटी बाटली पुढे सरकवली आणि सवयीने बजावलं, की आत पावडर आहे, सलाईनमध्ये विरघळवली की ठेवून द्यायची नाही, आणि पाणी नितळ दिसलं तरच टोचायचं. धाकटा तुटकपणे म्हणाला, की मीही हेच काम करतो. दुकानदार हसला.

"माहीत आहे रे. थोरल्याचा भाऊ ना तू?"

धाकट्याने सुटे पैसेही घेतले नाहीत.

आईच्या पोटात अल्सर होता. त्यातून रक्त गेलं, काळी उलटी झाली, दवाखान्यात राहावं लागलं. रक्त थांबलं, पण गोळी अजून पोटात ठरत नव्हती. म्हणून डॉक्टरांनी हाताला लावलेली सुई तशीच ठेवून घरी सोडलं होतं. आम्ल कमी करणारं हे इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ द्यायचं होतं. धाकटा घरातच असल्याने डॉक्टरांना चिंता नव्हती, तरी त्यांनी परत परत सांगितलं होतं. दोन मिनिटं तरी लावायची, घाई नको. दुसरं औषध त्यात मिसळायचं नाही. आधी आणि नंतर थोडं सलाईन सोडायचं. हात सुजला किंवा लाल झाला तर थांबायचं. आईची ही एकच शीर धड राहिली आहे. ती गेली आणि पुन्हा रक्त सुरू झालं, तर सुई लावायला जागा शोधेपर्यंत उशीर होईल.

धाकट्याला हे सगळं तोंडपाठ होतं. पण ती दोन मिनिटंच त्याला सोसवत नव्हती.

कारण त्या दोन मिनिटांत आईला थोरला आठवायचा. आईला कधीही इंजेक्शन असलं की थोरला तिच्याबरोबर तेराचा पाढा म्हणायचा. एक ओळ त्याची, एक आईची. अगदी सावकाश, रांगणाऱ्या पोराच्या चालीने. सातावर आला की मुद्दाम चुकायचा. आई त्याला ठोंब्या म्हणायची, बरोबर आकडा सांगायची, आणि त्या आनंदात सिरिंजचा दट्ट्या तळाला गेलेला तिला कळायचाही नाही.

त्या दिवशी सकाळी आईने हात पुढे करून एवढंच म्हटलं होतं, "तुझा दादा पाढा म्हणायचा." धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दट्ट्या एका दमात खाली दाबला. आईने कळवळून हात मागे ओढला. शिरेत आग आग झाली. डोळ्यांत पाणी आलं, पण ती ओरडली नाही. मग हळूच म्हणाली, "त्याच्या हातचं कळायचंही नाही रे."

दिवसभर ते वाक्य धाकट्याच्या कानात घुमत होतं. संध्याकाळचं इंजेक्शन द्यायला उशीर झाला तोही त्यामुळेच. बाटली आणायला जातो जातो म्हणत तो घरातून हललाच नव्हता.

घर गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या. आई आतल्या खोलीत ग्लानीत पडली होती. धाकट्याने हात धुतले. आईच्या हातावर बोट फिरवून पाहिलं. सूज नव्हती, सकाळची लाली उतरली होती. पावडरीत सलाईन सोडलं, दिव्यापुढे धरून पाहिलं. नितळ. सुईतून आधी थोडं सलाईन सोडलं. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग सिरिंज लावली आणि अंगठा दट्ट्यावर ठेवला.

आईचे ओठ हलले. तिने थोरल्याला हाक मारली.

त्याच्या अंगठ्यात रग आली. आता तिने पुढचा शब्द बोलायच्या आत संपवून टाकायचं. त्याने जोर लावला.

दट्ट्या हलला नाही.

त्याला वाटलं सुई तुंबली. पण आताच तर सलाईन सरळ गेलं होतं. त्याने अंगठा सैल केला... आणि दट्ट्या हलला. केसाएवढा. आपोआप.

आई बोलली. "तेरा दुणे सव्वीस."

धाकटा थांबला. तेरा एके तेरा कोणी म्हणालंच नव्हतं.

खोलीत शांतता. दट्ट्या पुढे सरकला. त्याचा अंगठा नुसता वर टेकलेला होता.

"तेरा चोक बावन्न," आई म्हणाली. डोळे उघडे. धाकट्याकडे नव्हते ते. त्याच्या खांद्यावरून मागे.

पुन्हा शांतता. कुणी एक ओळ म्हणावी... एवढीच.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

मागे वळावं असं त्याला वाटलं. मान वळेना. हातावर थंडगार वजन होतं. अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवावा तसं. दाबत नव्हतं. आवरत होतं.

शांतता. या वेळी जरा लांब...

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"चुकलास ठोंब्या. एक्क्याण्णव."

धाकटा भ्याला होता. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षाही एक गोष्ट मोठी होती. तो इथे जिवंत बसला होता. रात्रंदिवस जागत होता. आणि ती हसली ती... त्याने घसा ताणून म्हटलं, "तेरा आठे एकशे चार."

आईच्या कपाळावर आठी पडली.

"तू मध्ये बोलू नकोस. त्याला म्हणू दे."

धाकटा दट्ट्याकडे बघत राहिला.

दट्ट्या तळाला टेकला. हातावरचं वजन गेलं. आईचे डोळे मिटले. श्वास संथ.

त्याने कसंबसं सलाईन सोडलं, सिरिंज काढली, सुईवर नवी चिकटपट्टी लावली. पट्टी दाताने तोडली आणि रोल शर्टाच्या खिशात कोंबला. थोरला पट्टी तोडली की रोलचं टोक आत दुमडून ठेवायचा. पुढच्याला नखाने उकरत बसायला लागू नये, म्हणायचा. वॉर्डात सगळे त्याचं कौतुक करायचे. म्हणून धाकटा कधीच दुमडायचा नाही.

दाराला कडी लावून तो खुर्चीवर बसला. पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

उजाडल्यावर आई जागी झाली. चेहरा उतरला नव्हता. तिने पाणी मागितलं, ते पोटात राहिलं. मग हाताकडे बघून विचारलं, की रात्री इंजेक्शन दिलंस का. त्याने मान डोलावली.

"मला कळलंच नाही," आई म्हणाली. "अगदी दादासारखा हात झाला रे तुझा."

वर्षभर याच वाक्यासाठी तो झुरला होता. आणि आता ते मिळालं, तर त्याला घेता येईना. ते आपलं नाही हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. आईला खरं काय ते त्याने सांगितलं नाही. आतून पुन्हा तोच जुना हेवा वर आला, आंबट, घशापर्यंत.

पट्टीचा एक कोपरा सुटला होता. तो नीट करायला त्याने खिशातून रोल काढला. टोक शोधायला नख पुढे केलं...

काका इथे थांबले. नवा ब्रदर चाचरत म्हणाला, की टोक आईनेच रात्री उठून दुमडलं असेल.

"रोल त्याच्या खिशात होता," काका म्हणाले. "आणि खिशाचं बटण लावलेलं होतं."

टोक आत दुमडलेलं होतं.