तिसरी चाचणी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते: कोणतीही चाचणी तीनदा केल्याशिवाय तो निकालावर सही करत नाही. थोरला भाऊ गेल्यावर महिन्याभराने तो वहिनीकडे आला, तोही याच खोडीपायी. दादाच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर नऊ सरळ, खोल काप होते. डॉक्टरांनी कारण लिहिलं होतं, काच. घरात फुटलेली काच मात्र एकही सापडली नव्हती.

वहिनी स्टुलावर बसून टाकीतल्या माशांना चिलटं घालत होती. तिचं डावं मनगट अजून वाकडंच होतं. दादाने ते दोनदा मोडलं होतं, आणि तेव्हा घरात कुणी ब्र काढला नव्हता. त्यानेही नाही.

मासे बोटाएवढे, रुपेरी; छाती कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. सगळे पृष्ठभागाला चिकटून, तोंडं वर करून स्तब्ध.

"बुडालेल्या चिलटाला तोंड लावत नाहीत," तिने झाकण सरकवून वर वीट ठेवली. "आयतं मिळूनही नखरे. थेट तुमच्या दादांवर गेलेत."

"वीट कशाला?"

"उड्या मारतात. म्हणून पाणीसुद्धा चार बोटं खाली ठेवायचं."

त्याने मासे मोजले. नऊ.

"वहिनी, टाकी प्रयोगशाळेत नेतो. दादा कसा गेला ते मला कळायला हवं."

"नाही."

"दोन दिवसांत परत आणतो."

"नाही म्हटलं ना, भावोजी."

पालथ्या घड्यावर पाणी! त्याचा तोल सुटला. "माझा भाऊ मेलाय इथे!" तो ओरडला आणि त्याने तिचं मनगट पकडलं. तेच, डावं.

धाड!

वीट उडाली आणि फरशीवर दुभंगली. नऊही मासे एकाच क्षणी झाकणावर आदळले होते. आता ते पुन्हा जागेवर होते. पाण्यावर तरंगही नव्हता.

"कंपनं," तो मनगट सोडत पुटपुटला.

मग सवय आडवी आली. तेच वाक्य त्याने हळू आवाजात, तिला हात न लावता म्हटलं. काही नाही. मग ओरडून, मनगट आवळून.

धाड!

झाकणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

वहिनीने हात सोडवून घेतला नाही. मोकळ्या हाताने तिने तडकलेलं झाकण उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. चार बोटं खाली असलेलं पाणी आता काठाला आलं होतं.

डोळे बाजूंना असलेल्या माशाला समोरचं नीट दिसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नऊही मासे त्याच्याकडे तोंड करून होते.

"मनगट दोनदाच धरलंत. तुम्ही तीनदा करता ना, भावोजी?"

"नको. पुरे."

त्याने मनगट सोडायला बोटं उघडली. ती उघडेनात.

"हो," वहिनी शांतपणे म्हणाली, "त्यांचीही उघडली नव्हती."

आणि तिने, सवयीने, आपला चेहरा बाजूला वळवला.