लाळ्याचं उष्टं

फायद्याचा हिशेब आधी मांडते. मालकांना भूत फुकट मिळणार होतं. भुताचा आवाज काढणारा माणूस वेगळा बोलवायचा, तर त्याचं मानधन, त्याचा चहा आणि त्याचा रुबाब; हे सगळं वाचणार होतं. भावोजींना पुढच्या सगळ्या भागांचं काम पक्कं होणार होतं. आणि मला शाबासकी. ती द्यायला मालक कधीच मागेपुढे पाहत नाहीत. तिला पैसे पडत नाहीत ना!

आम्ही मुलांसाठी ऐकायच्या गोष्टी बनवतो. ‘भूतपकड मंडळ’ नावाची मालिका आहे: तीन उपद्व्यापी पोरं आणि त्यांचा भित्रा मामा मासेमारीची जाळी घेऊन भुतांमागे धावतात, आणि दर वेळी मामाच जाळ्यात सापडतो. चारही आवाज भावोजींचे, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचे. त्यांचं घर त्या एका गळ्यावर चाललेलं.

मी त्या आवाजांची साफसफाई करते. माणसाचं तोंड किती गलिच्छ असतं ते माईकला विचारावं. दोन शब्दांच्या मध्ये थुंकीची तार तुटते. जीभ टाळूवरून सुटताना चिखलातून चप्पल उपसल्यासारखी वाजते. ऐकून ऐकून मला कुणासमोर बसून जेवणं नकोसं झालंय. हे सगळं मी कापते. पण आमच्या कामात कापलेलं लगेच पुसत नाहीत; चुकून एखादं अक्षर सोबत गेलं, तर परत जोडावं लागतं. ते वेगळ्या फाइलमध्ये साठत राहतं. त्या फाइलला मी नाव दिलं होतं ‘उष्टं’.

नव्या भागातलं भूत म्हणजे लाळ्या. बेसिनच्या भोकातून वर येतो आणि पोरांचे डबे चाटून जातो. त्याचा आवाज कसा हवा, हे मालकांना सांगता येत नव्हतं. कसा नको, तेवढंच येत होतं. वैतागून मी थट्टेनं ‘उष्टं’ लावलं. सगळे तुकडे एकावर एक, वेग कमी करून. खोलीभर काहीतरी ओलं आणि जाड सरपटत गेलं.

“हाच! हाच लाळ्या!” मालकांनी टेबलावर थाप मारली. “आणि तोही घरचा!”

“म्हणजे थुंकी माझी, नाव भुताचं,” भावोजी म्हणाले. “वहिनी, त्याला वेगळा कप सांगा हां. माझ्या कपाला तोंड लावू देऊ नका.”

भाग घरोघरी गेला. पोरांना किळस फार आवडते. लाळ्या गाजला.

पुढच्या रेकॉर्डिंगला मला कापायला काहीच सापडेना. भावोजींचा आवाज धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. मी मनातून खूश झाले. अर्धं काम वाचलं होतं. ते मात्र सारखे पाणी पीत होते. मधल्या सुट्टीत त्यांनी बिस्किट खाल्लं आणि बोलायला तोंड उघडलं, तर आतून भुकटी उडाली. कोरडी, पिठासारखी.

“काय भावोजी, गिरणी टाकलीत?” मी हसून विचारलं.

त्यांना हसू आलं नाही. “गिळताच येत नाही, वहिनी. तोंडात जीभ आहे की चामडं, कळत नाही.”

डॉक्टरांनी घसा पाहिला, गाठी चाचपल्या. सगळं ठीक म्हणाले.

‘उष्टं’ची फाइल मात्र लांबत चालली होती. मी त्यात काही टाकत नव्हते. एका सकाळी उघडून ऐकली. आता ते तुकडे राहिले नव्हते. कुणीतरी सावकाश, चवीनं काहीतरी चघळत होतं. मऊ काहीतरी. मध्येच थांबून दात चोखत होतं. मी हेडफोन काढून फेकला. माईकवरचं स्पंजाचं टोपडं बदलायला गेले, तर ते ओलंगच्च. बोटांना तार आली. वास शिळ्या भाताच्या पातेल्यासारखा.

मी तडक मालकांकडे गेले.

“लाळ्या काढून टाका. भावोजींचा आवाज जाईल.”

“अहो, हवा बदललीये. खडीसाखर द्या.”

“ती विरघळायला तोंडात ओल तरी हवी ना!”

“बाई, लाळ्यामुळे मालिका चालतेय. उद्या म्हणाल, जाळीही काढा.”

दुपारी मी भावोजींना समोर बसवलं. स्टुडिओत आम्ही दोघंच होतो. त्यांना ऐकवून फाइल पुसायची, असं मी ठरवलं होतं. मी बटण दाबलं.

चघळणं. चोखणं. मग शांतता.

मग भावोजींच्या आवाजात, अगदी घरगुती लाडात: “वहिनी, अजून थोडं वाढा ना.”

भावोजी समोर बसले होते. ओठ मिटलेले. डोळे माझ्यावर.

मी फाइल पुसली.

एक ढेकर आला. स्पीकरमधून नव्हे, खोलीतून.

“गेला,” मी म्हणाले. “भावोजी, बोला काहीतरी.”

त्यांनी तोंड उघडलं. आत जीभ होती, पण वाळलेल्या पानासारखी कडेनं वळलेली. आवाज नव्हता. खरखरसुद्धा नव्हती.

मालकांनी सहानुभूती व्यक्त केली आणि मालिका चालूच ठेवली. भावोजींची गरज पडत नाही. आता पोरांचे आणि मामाचेही आवाज लाळ्याच काढतो. रोज सकाळी नवा भाग तयार सापडतो. तो कुणी रेकॉर्ड केला, हे मालक विचारत नाहीत.

काल मी भावोजींच्या घरी गेले. माझी पुतणी खिडकीत बसून गोष्ट ऐकत होती. हेडफोन कानांवर, तोंड उघडं.

“अगं, जेवलीस का?”

तिनं मान हलवली. ओठांवर सालं सुटली होती. मी बोटानं एक काढलं. कागदासारखं आलं, रक्तही नाही. तेवढ्यात गोष्टीत मामा जाळ्यात पडला असावा. ती पोट धरून हसायला लागली, खांदे गदगदा हलले.

तिच्या तोंडातून काही आलं नाही. हसणं हेडफोनमधून ऐकू येत होतं.

तेव्हा शेवटचा हिशेब असा: मालकांनी काही दिलं नाही. मी काही दिलं नाही. भावोजींनी जीभ दिली, आणि बाकीचं घरोघरची पोरं देतायत.