बसलेल्या मुलांचा वारा

"इथे पूजा करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

नेत्राने दारातूनच विचारलं. अर्धवट बांधलेल्या वर्गात एक तरुण जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर विटांच्या फटीत पेटती उदबत्ती.

"पूजा नाही, मॅडम. वारा शोधतोय," तो म्हणाला. "मी जयवंत. पहिलीचा वर्ग माझ्याकडे असणार आहे. बसा ना..."

"खाली? सगळं सिमेंट आहे!"

त्याने खिशातला रुमाल काढून पसरला. ती हसली आणि बसली.

वसईत भालचंद्रकाकांच्या केळीच्या वाडीला लागून ही प्राथमिक शाळा उभी राहत होती. आराखडा नेत्राचा. छपरावर सौर पॅनेल, उत्तरेचा उजेड, समोरासमोर खिडक्या... पंख्यांशिवाय गार राहणारी शाळा, असं तिने काकांच्या शाळा समितीला छातीठोकपणे सांगितलं होतं.

उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. साडेतीन फुटांवर, खिडकीच्या कडेशी पोचला, तेव्हा कुठे वाकला आणि बाहेर पळाला.

"पहिलीची मुलं बस्करावर बसतात," जयवंत हळूच म्हणाला. "वारा त्यांच्या डोक्यावरून जातोय."

नेत्राचे कान तापले. सगळ्या आराखड्यात तिने खुर्चीवरची माणसं काढली होती. जमिनीवर बसलेलं एकही मूल नव्हतं.

"तुमच्या शाळेत बाकं होती वाटतं?"

"होती," ती पुटपुटली.

"मजा आहे! आम्हाला बसायला जमीन आणि बघायला आभाळ. आज शेजारीही बघण्यासारखं आहे... ते वेगळं."

ती लाजली, पण ती लाज गोड होती. खरी लाज शनिवारी आली.

समितीची माणसं बांधकाम बघायला आली होती. ऑक्टोबरचं ऊन. भालचंद्रकाका वर्गात घाम पुसत गरजले, "पोरांना भाजायचंय काय आत? खिडक्या एवढ्या वर कोणी घ्यायला सांगितल्या?"

ज्युड मिस्त्री हातात टेप घेऊन भिंतीशी उभे होते. रोज सकाळी "आलीस, बाय?" म्हणून तिच्यासाठी चहा मागवणारे.

"मिस्त्रींनी... माप वाचताना गडबड केली असेल," नेत्राच्या तोंडून निघून गेलं.

ज्युडनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळली.

"सोमवारपासून दुसरा मिस्त्री बघतो," काका म्हणाले. "आणि पंखे काय, एसीच लावून टाकू."

जयवंत जमिनीकडे बघत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो ओरडला असता तरी चाललं असतं...

रविवारी आचोळ्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने जयवंतला चार वेळा मेसेज लिहिला आणि चारही वेळा पुसला. आरशासमोर उभं राहवेना.

सोमवारी ती पोचली तेव्हा ज्युड आपली थापी आणि ओळंबा पिशवीत भरत होते. काका नव्या मिस्त्रीला भिंत दाखवत होते. नेत्राने सगळ्यांमध्ये आराखडा उलगडला.

"काका, साडेतीन फूट मीच लिहिलंय. हे बघा. अंकलनी तेच बांधलं. मी घाबरले... आणि खोटं बोलले." ती ज्युडकडे वळली. "अंकल, माफ करा."

"कागद माझ्याकडे पन होता, बाय," ज्युड म्हणाले. "सगळ्यांसमोर तुला कशाला खाली पाडायची, म्हटलं."

या शब्दांनी तिला रडूच कोसळलं. काकांनी आराखड्यावरचं माप बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"मग आता?"

"खिडक्या खाली आणते. तळाशी जाळीच्या विटा घालते. पण मिस्त्री हेच हवेत."

"ते त्याला विचार. माझं तोंड आहे का आता त्याला सांगायला?"

ज्युडनी पिशवीतून थापी पुन्हा बाहेर काढली.

दुपारी भिंत उतरत होती. नेत्रा विटा उचलत होती, शेजारी जयवंत.

"तुम्ही शनिवारीच का नाही बोललात?"

"उत्तर मुलाला येत असलं, की मी फळ्यावर लिहीत नाही. थांबतो."

"आणि मी बोललेच नसते तर?"

त्याने हातातली वीट ढिगावर ठेवली.

"माझी लाज वाटली ना तुम्हाला?"

"वाटली. दोन दिवस घास उतरला नाही."

तिच्या हातातली वीट खाली आली. त्याने ती घेतली. तिचा हात मात्र सोडला नाही.

"तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला. "परक्या माणसाची अशी लाज वाटत नाही... नेत्रा."

मॅडम नव्हे, नेत्रा. मान वर करायचं धाडस तिला झालं नाही. पण विटांच्या धुळीने लाल झालेला हात तिने तसाच त्याच्या हातात राहू दिला.