नाडीमूठ

कुमुद वाघचौरेनं बटण दाबलं. समोरचा दिवा लागला, इंधनाचा काटा वर आला, पण स्टार्टर फिरला नाही. साधा टक् असा आवाजही आला नाही.

"आज नको गं असं करूस," ती गाडीला म्हणाली. सकाळपासून तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच वाक्य.

गाडी म्हणजे चार जाड टायरांची, उघडी, खाचखळग्यांतून कुठंही जाणारी. तिला सगळे माळगाडी म्हणत. सगळे म्हणजे आधी इथल्या माळढोक संवर्धन केंद्रात असायचे ते. माळढोक मोजायचं काम पक्ष्यांच्या पाठीवरची छोटी यंत्रं करू लागली, तशा एकेकाच्या बदल्या झाल्या. सोलापूरच्या उत्तरेच्या त्या माळावर आता कुमुद एकटी उरली होती. दोन खोल्या, अंडी उबवायचं यंत्र आणि खिडकीबाहेर आभाळापर्यंत गवत.

गेले काही दिवस गाडीचं हे असंच चाललं होतं. पाण्याचे कॅन चढवून झाले, कुंपणावरून फेरी मारून आली, की स्टार्टर लागायचा नाही. सावलीत जरा टेकून पुन्हा बटण दाबलं की मुकाट्यानं लागायचा. कुमुदनं ठरवून टाकलं होतं की कुठला तरी भाग तापतोय.

पण आज टेकायला वेळ नव्हता. केंद्रातल्या पडद्यावर तिनं पाहिलं होतं, ठिपकी नावाची मादी घरट्यावरून उठून पार उत्तरेला गेली होती. भटकी कुत्री आली असणार. माळढोकाचं घरटं म्हणजे नुसती उघडी जमीन आणि त्यावर एकच अंडं. या मोसमातलं अख्ख्या माळावरचं हे एकमेव अंडं होतं. कावळ्यांच्या नजरेला पडायच्या आत ते उचलून यंत्रात ठेवायला हवं होतं. ड्रोन पाठवायची सोय नव्हती. ड्रोनला गरुड समजून पक्षी बिथरत, म्हणून माळावर ड्रोनना बंदी होती. पायी जावं तर घरटं फार लांब.

तिनं सीट उचलली. बॅटरीला मीटर लावला, भरलेली होती. टोकांवर गंज नव्हता. फ्यूज शाबूत. गिअर न्यूट्रलमध्ये, ब्रेक दाबलेला. चेसिसला जोडलेली वायर हलवून पाहिली, घट्ट होती. पुन्हा बटण दाबलं. काही नाही. वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी ती टाकीला धरून थोडी थांबली. मग कानातलं यंत्र चालू करून तिनं कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"रेहाना मुजावर बोलतेय. काय होतंय मॅडम?"

कुमुदनं तपासलेलं सगळं भराभर सांगितलं.

"स्टार्टरला वीज सोडणारा रिले सापडला? त्याच्या दोन जाड टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवा. जपून, ठिणगी उडेल."

ठिणगी उडाली. स्टार्टर गरगरला आणि इथेनॉलचा गोडसर धूर सोडत इंजिन धडधडू लागलं.

"म्हणजे मोटर चांगली आहे, बॅटरी चांगली आहे," कुमुद म्हणाली. "बटणाचा हुकूमच रिलेपर्यंत पोचत नाहीये."

"एक मिनिट मॅडम, मी तुमच्या गाडीची नोंद बघते." पलीकडून बोटांची टकटक ऐकू आली. रेहाना पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "मॅडम, स्टार्टर बिघडलेला नाही. त्याला अडवलंय. नाडीमुठीनं."

रानात एकट्यानं फिरणारे काही जण भोवळ येऊन गाडीखाली सापडले, तेव्हापासून प्रत्येक माळगाडीच्या मुठीत नाडी वाचणारी पट्टी बसवलेली असे. चालक पेंगला तर गाडी आपोआप हळू व्हायची. पट्टीचं कामच तेवढं, असं कुमुद समजत होती.

"नवा प्रोग्रॅम आलाय," रेहाना सांगू लागली. "ठोके ठीक नसतील तर गाडी चालूच होत नाही. नेमकं काय चुकतंय ते मला दिसत नाही, कायद्यानं दिसताही कामा नये. गाडीच्या पडद्यावरही येत नाही, शेजारी उभ्या माणसानं वाचू नये म्हणून. तो मेसेज फक्त तुम्ही दिलेल्या जवळच्या व्यक्तीला जातो. तीन आठवडे जातोय. त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"नाही," कुमुद म्हणाली. "अक्काचं नाव दिलं होतं. ती वारली. दोन वर्षं झाली."

रेहाना घाईनं म्हणाली, "गाडी बंद करा मॅडम. खाली बसून राहा. मी रुग्णवाहिका पाठवते."

"पाठवा. पण घरट्याकडं पाठवा, ठिकाण देते. मी तिकडं निघालेय."

तिनं उबदार पेटी मागं बांधली आणि गाडी गवतात घातली. छातीत काहीतरी फडफडत होतं. इतके दिवस तिनं त्याला वय म्हटलं होतं, दमणूक म्हटलं होतं. आता नाव बदललं आणि तेच फडफडणं भलतंच मोठं वाटायला लागलं. लहानपणापासून भीती वाटली की ती जे म्हणायची, तेच तोंडातून गेलं, "अक्काला फोन लाव."

कानातल्या यंत्राला अक्का गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. फोन लागला. आणि उचललाही गेला.

"हॅलो? कोण?" बाईचा आवाज, अनोळखी.

"हा... हा माझ्या बहिणीचा नंबर होता."

"असंल बाई. मला मिळाला वर्षाखाली." मग तिनं विचारलं, "अहो, ते ठोक्याचं मेसेज येतंय, ते तुमचं तर नव्हं?"

कुमुदनं ब्रेक दाबला. इंजिन बंद पडू दिलं नाही.

"काय येतं त्यात?"

"तुमच्या जवळच्या व्यक्तीच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांना एकटं सोडू नका. मला वाटलं, फसवणारे लोक. पण पैसं काय मागंनात. नाव पण नाही. दोनदा उलट लिवलं मी, कोण हाय, कुठं हाय. उत्तर नाही." बाईचा श्वास ऐकू आला. "मग रोज मेसेज आला की जीव टांगणीला. आज आला म्हंजी आज हाय ते माणूस, असं म्हनायची."

कुमुदनं गाडी पुन्हा हाकली.

"गाडीवर हायसा का? एकट्या? फोन ठेवू नका. मी कमल सोनटक्के, उदगीरला राहते. बोलत राहा माझ्यासंगं."

कमलबाई बोलत राहिल्या. शाळेत शिजवायच्या खिचडीचं, गुडघ्यांचं, नळाला न येणाऱ्या पाण्याचं. कुमुद घरट्यापाशी पोचली. अंडं जागेवर होतं, गवताच्या रंगाचं, हाताला अजून कोमट. कुमुदनं ते पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि मग गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली ती उठू शकली नाही.

"बाई, गप का झाला? काय दिसतंय तुमाला ते सांगा."

"गवत," कुमुद म्हणाली. "नुसतं गवत."

"कसलं गवत? कुसळाचं का पवन्या? सांगा की."

रुग्णवाहिकेचा भोंगा येईपर्यंत त्यांनी तिला बोलतं ठेवलं.

सोलापूरच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. अंडं केंद्रातल्या यंत्रात नेऊन ठेवणाऱ्या वनरक्षकानं कळवलं की त्यात हालचाल दिसते आहे. तिसऱ्या दिवशी रेहानाचा फोन आला. "मॅडम, नोंद दुरुस्त करायचीय. जवळची व्यक्ती म्हणून कुणाचं नाव घालू?"

कुमुदनं फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. कार्यालयं, दुकानं, बदली होऊन गेलेले सहकारी. "थोड्या वेळानं सांगते," ती म्हणाली, आणि उदगीरला फोन लावला.

"कमलबाई, तुम्हाला कधी पाहिलंही नाही मी. तरी विचारते. तुमचं नाव घातलं तर चालेल?"

"घाला की," त्या लगेच म्हणाल्या. "नंबर तर हायच तिथं." मग पलीकडची पंख्याची घरघर बंद झाली. "पण बाई, एक सांगा. माझ्याकडं काय तुमच्यासारखी गाडी नाही. हितं मी पण एकटीच. माझं ठोकं चुकलं, तर ते कुणाला कळंल?"