लोणच्यात पडलेलं गंगावन

"हे तुमचे लाडू, ही भाजणी, हे मेतकूट... आणि हे — हे तुमचे केस."

दुबई मरीनाच्या मेट्रो स्टेशनबाहेर, ऑफिसं सुटायच्या ऐन गर्दीत, एका अनोळखी तरुणाने हे इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की शुभ्राला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण तीही सोय नव्हती, खाली पार्किंग होतं.

"हळू बोला ना जरा!"

"सॉरी. पण लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. एअरपोर्टवर माझी बॅग उघडायला लावली. ऑफिसरने हे असं टोकाला धरून वर केलं. अख्खी लाइन बघत होती. म्हणाला, व्हॉट इज धिस?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझे आहेत."

शुभ्राने त्याच्या बारीक कापलेल्या डोक्याकडे पाहिलं. हसू ओठांपर्यंत आलंही होतं... पण तेवढ्यात पिशवीतून वास आला. मोहरी, हिंग आणि कैरी.

"ते... बॅग पुन्हा भरताना लोणच्याची बरणी आडवी राहिली," तो ओशाळून म्हणाला. "मी वेदांग. भरून देईन मी. आय मीन — केस."

दुबईतल्या मराठी माणसाला स्वतःची अशी बॅग नसतेच. पुण्याहून कोणी निघालं की त्याच्या सामानात निम्मा खाऊ दुसऱ्याचा असतो आणि नाही म्हणायची पद्धत नाही. शुभ्राच्या आईने हा वेदांग कुणाच्या तरी नणंदेच्या जावेकडून शोधून काढला होता. ज्या गोष्टीचा सुगावा फ्लॅटमधल्या मैत्रिणींनाही लागू नये असं शुभ्राने बजावून सांगितलं होतं, तीच गोष्ट आईने एका परक्या माणसाच्या हाती दिली होती. वर पुडक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शुभ्राचे केस'.

"आई, मी क्लिपचे हलके केस मागितले होते!" इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून शुभ्रा फोनवर दबक्या आवाजात ओरडत होती. दबक्या आवाजात ओरडणं ही शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांची खास कला आहे. "तू गंगावन पाठवलंस?"

"अगं, एकच ना ते? माझ्या लग्नात मी गंगावनच लावलं होतं. काय दिसत होता शेपटा!"

"मला शेपटा नकोय, आई. मला डोक्यावर केस हवेत!"

दुखणं तिथेच होतं. वेणी लांब करायला गंगावन उत्तम, पण गंगावन अडकवायला आधी वेणी तर हवी. गेल्या वर्षी टायफॉइड झाला आणि शुभ्राचे केस हातात यायला लागले. ताप गेला, केस मात्र परत आले नाहीत. भांग रुंद झाला, वेणी करंगळीएवढी उरली. विवाहमंडळाच्या साइटवरचा फोटो मात्र तापाच्या आधीचा होता. आता त्याच फोटोवर भाळून इथल्याच सुजीत नावाच्या मुलाची आई महिन्याअखेरीस दुबईला येणार होती आणि त्या शनिवारी सगळ्यांनी जेवायला भेटायचं ठरलं होतं.

फोटो बदल, असं पुण्यातली मैत्रीण ईरा फोनवर म्हणायची. सांगायला काय जातंय?

वेदांग शब्दाला जागला. राहायला तो शारजात, त्यामुळे पुढच्याच सुट्टीला त्याने तिला गाडीत घालून तिथल्या रोल्ला बाजारात नेलं, हमीदाआपांच्या दुकानात. आपा मूळच्या रत्नागिरीच्या. भिंतीभर केस टांगलेले, सरळ, कुरळे, सोनेरी, आणि मध्ये आपा एखाद्या सेनापतीसारख्या उभ्या.

"हे बघ, एकदम भरगच्च! साडेचारशे दिरहॅम."

"म्हणजे दहा हजार रुपये!" शुभ्रा आणि वेदांग एकाच दमात म्हणाले.

आपांनी ते भरगच्च प्रकरण तिच्या डोक्यावर चढवलं. नाकापेक्षा मोती जड. क्लिपा केसांना धरून राहीनात, सगळा डोलारा हळूहळू मानेकडे सरकायला लागला आणि कपाळ ओढून ओढून शुभ्राचे डोळे मांजरीसारखे झाले.

"छान दिसतंय," आपा म्हणाल्या.

"मागून दिसतंय का, ते बघा ना," शुभ्रा वेदांगला म्हणाली. तिला दुसरं कोणी नव्हतंच. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू देवालासुद्धा दिसत नसावी.

तो मागे गेला. मान तिरकी करून नीट पाहिलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "क्लिप दिसतेय, पट्टी दिसतेय, आणि तुमचे केस जिथे संपतात तिथे पायरी दिसतेय."

"एवढं खरं बोलायची गरज नव्हती!"

"तुम्हीच विचारलंत."

"हे घालून बघ, हलकं आहे," आपांनी जरा नाराजीनेच दुसरा डबा काढला, कारण हलक्यात नफा हलका. "पण रंग तुझ्या मिस्टरांना विचारून घे."

"हे माझे मिस्टर नाहीत!"

"इन्शाल्ला," आपा शांतपणे म्हणाल्या आणि डबा उघडला.

परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर तुंबली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. एसी चालू असूनही शुभ्राला गरम होत होतं, आणि याचाही राग तिने आपांवरच काढला.

हलके केस बरे होते. अरुंद पट्ट्या, छोट्या क्लिपा, मुळाशी लावायच्या आधी आपले केस थोडे विंचरून फुगवायचे म्हणजे पकड बसते. पण वाऱ्यात? एस्केलेटरवर? खाली वाकून चप्पल घालताना? हे सगळं बघायला मागे कोणीतरी उभं राहायला हवं होतं. वेदांगचं ऑफिसही शुभ्रासारखं मरीनातच होतं. मग रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर शुभ्रा पुढे चालायची आणि वेदांग चार पावलं मागे.

"दिसतंय?"

"डावीकडे."

"आता?"

"आता उजवीकडे. आणि जरा हळू चाल, तू चालतेस की पळतेस?"

तुम्हीचं तू कधी झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

एका संध्याकाळी समुद्रावरून असा वारा सुटला की उजव्या कानामागची पट्टी निसटली, लोंबली आणि खाली पडली. शेजारून एक गोऱ्या आजीबाई आपल्या इवल्याशा कुत्र्याला फिरवत होत्या. कुत्र्याने ती पट्टी उंदीर समजून तोंडात धरली. साखळी आजीबाईंच्या हातातून सुटली. पुढे कुत्रा, मागे वेदांग, त्याच्या मागे आजीबाई, आणि सगळ्यांच्या मागे अर्ध्या डोक्याची शुभ्रा.

वेदांग परत आला तेव्हा घामाने निथळत होता. हातात लाळेने भिजलेली केसांची शेपटी.

"घे. क्लिप शाबूत आहे."

शुभ्रा बाकावर बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"वैताग आलाय मला," ती म्हणाली. "आरशाचा, वाऱ्याचा, या क्लिपांचा. तुला माहितेय, याआधी एक मुलगा भेटला होता. कॉफी यायच्या आधीच म्हणाला, फोटो जुना आहे का? मग अख्खा वेळ माझ्या भांगाकडे बघत बोलला. मी नोकरी सांगतेय, तो भांग बघतोय. मी नाटकात काम करायचे ते सांगतेय, तो भांग बघतोय... मला परत तसं कोणासमोर बसायचं नाहीये, वेदांग. बस्स, तेवढंच."

तो रुमालाने ती ओली पट्टी पुसत राहिला, अगदी मन लावून.

"मीही रोज बघतोच की तुझं डोकं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मागून."

"मग? काय दिसलं?"

"तू चिडलीस की तुझा उजवा कान लाल होतो. आधी पाळी, मग वरपर्यंत."

"काहीतरीच!"

"आत्ता झालाय."

शुभ्राने झटकन कानावर हात ठेवला. तिला भयंकर राग आला, आणि राग येऊनही उठावंसं वाटेना, याचा आणखी राग आला.

शनिवार उजाडला. हॉटेल मरीनातच, वेदांगनेच तिला आणून सोडलं. लिफ्टजवळ तिने पाठ केली.

"शेवटचं बघ. दिसतंय?"

या वेळी त्याने खूपच वेळ लावला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "काहीच दिसत नाहीये. परफेक्ट आहे. यल्ला, जा."

एवढ्या दिवसांच्या खटाटोपाचं चीज झालं होतं. आनंद व्हायचा तर शुभ्राने लिफ्टचं बटण रागाने तीनतीनदा दाबलं. 'परफेक्ट' काय, मेला! जा म्हणे!

वर प्रमिलाकाकू, म्हणजे सुजीतची आई, अगदी गोड बाई निघाल्या. सुजीतही वाईट नव्हता, फक्त फोन उलटा ठेवायला विसरला होता आणि नजर सारखी स्क्रीनवर जात होती.

"अगंबाई, केस किती सुरेख गं!" काकू म्हणाल्या. "इथल्या पाण्यातसुद्धा? तेल कुठलं लावतेस?"

"आई पाठवते," शुभ्रा म्हणाली.

"काय घालतात त्यात?"

"जास्वंद... माका..." आणि तिसरं काय घालतात ते तिला आठवेना. खोट्याला पाय नसतात म्हणतात. इथे तर क्लिपा होत्या. आता लग्न ठरेल, मग साखरपुडा, मग बोहलं, मग रोज सकाळी नवरा उठायच्या आत... कोण उभं राहणार आहे मागे, दिसतंय का ते सांगायला?

डोक्यावरून पाणी गेलं. तिने कानामागे हात घातला. टक. पहिली क्लिप. टक, टक. पट्ट्या तिने नॅपकिनवर नीट ओळीने मांडल्या.

"सॉरी काकू. तुम्ही बघितलेले अर्धे केस माझे नाहीत. टायफॉइडनंतर गेले. फोटो त्याआधीचा आहे."

काकू क्षणभर बघत राहिल्या. मग पुढे झुकून कुजबुजल्या, "कुठून घेतलेस गं? माझाही भांग हल्ली..."

सुजीतने मान वर केली. "इट्स ओके, शुभ्रा. आय डोन्ट माइंड." तो खरंच समजूतदारपणे हसला. "लग्नाच्या फोटोंत वगैरे घालशीलच ना?"

शुभ्राही हसली. काकूंना तिने रोल्लाचा पत्ता लिहून दिला आणि सुजीतला नम्रपणे नाही म्हणून टाकलं. मग ती जी निघाली, ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच उतरली.

वेदांग गेलाच नव्हता. गाडीला टेकून उभा होता. तिच्या मोकळ्या, विरळ, विस्कटलेल्या केसांकडे बघून तो चरकला.

"काय झालं? मला तर नीट दिसत होतं! कोणी काही बोललं का तुला?"

"कोणी काही नाही बोललं. खलास. मीच काढले. आणि तू! 'परफेक्ट, जा' म्हणतोस? दुसरं काही सुचलं नाही तुला?"

"मग काय म्हणू?" तोही चिडला. पहिल्यांदाच. "किती शोधलं मी! एक तरी क्लिप दिसू दे, म्हणजे म्हणता येईल की नको जाऊस. एक नाही दिसली. आणि तुझ्याशी खोटं मला बोलता येत नाही, त्याला मी काय करू? जाऊ नकोस म्हणायचं होतं मला, शुभ्रा. कुत्र्यामागे पळालो त्या दिवसापासून म्हणायचं होतं."

वरून उन्हाचा मारा होता. जवळून बस गेली. शुभ्राने नॅपकिनची पुरचुंडी पर्समध्ये कोंबली.

"बघू... मागून एकदा?" त्याने विचारलं.

"पुरे झालं मागून," ती म्हणाली. केस तिने दोन्ही हातांनी मागे सारले, भांग, कपाळ, सगळं उघडं. "आता समोरून बघ."

त्याने पाहिलं. भांगाकडे नाही.

"दिसतंय काही?" तिने विचारलं. आवाज उगाच बारीक झाला होता.

"हो."

"काय?"

"दोन्ही कान लाल झालेत."

आणि शुभ्रा या वेळी मुळीच चिडलेली नव्हती.